वेचणीच्या दिवसांत कृपेवर कसं जगायचं

जे कापूस वेचायला गेलेत त्यांना संध्याकाळचा तो टाइम माहितीच असेल. बांधावर काटा टांगलेला, बाया आपापलं गाठोडं घेऊन लाइनीत, मालकाचा मुलगा वहीत लिहितोय अमकीचे बावीस, तमकीचे एकोणतीस, आणि जिचे जेवढे किलो तिला तेवढे पैसे. यात काही चूक नाही, कामाचा दाम असाच ठरतो. पण मी पार तिशीपर्यंत देवालाही असाच काटा घेऊन बांधावर उभा असलेला समजत होतो. या आठवड्यात प्रार्थना किती झाली, उपास किती, रविवार किती चुकले, आणि त्या हिशोबानं तो मला देणार किंवा कापून घेणार. लहानपणापासून संडे स्कूल, वचनं पाठ, बाप्तिस्मा झालेला, तरी डोक्यात काटाच.

हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली पोरं विचारतात की दादा, विश्वास ठेव, आशा धर, हे रविवारी ऐकून बरं वाटतं पण मंगळवारी दुपारी नेमकं करायचं काय. प्रश्न एकदम बरोबर आहे. मी पाळक नाही, बायबल कॉलेजला गेलेलो नाही, पण जे करून पाहिलं आणि ज्यानं तग धरला ते सांगतो.

आधी कृपा म्हणजे काय ते मी कुठे पाहिलं ते सांगू द्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी सातवीत होतो, शहाद्याकडे एका शेतात आईबरोबर वेचणीला गेलेलो. आईला दोन दिवसांचा ताप. कमरेला ओटी बांधलेली आणि दर दहा झाडांनंतर ती खाली बसायची. बोंडाची वाळलेली टोकं किती टोचतात ते वेचणाऱ्यालाच कळतं, तिच्या नखांजवळची कातडी फाटली होती आणि पांढऱ्या कापसावर बारीक लाल ठिपके पडत होते, ते ती वरून दुसरा कापूस टाकून झाकत होती, मालकानं पैसे कापू नये म्हणून. दिवसभरात सात-आठ किलो झाला असेल. काटा लागायच्या आधी आमच्या गल्लीतली एक मावशी, आमच्या नात्यातली नाही, चर्चमधली तर नाहीच, तिनं आपल्या ओटीतून एक ओंजळ काढून आईच्या गाठोड्यात टाकली, मग दुसरी, मग सगळी ओटीच उलटी केली. आईनं तिचा हात धरला तर म्हणे, राहू दे माय, मन्हा आज जास्तीच व्हयना, म्हणजे माझा आज जास्तच झालाय. खोटं होतं ते. तिच्याही घरी तीन पोरं होती.

पुढे कितीतरी वर्षांनी बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचलं, चारच अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं. रूथ परदेशी विधवा, सासूला घेऊन बेथलेहेमात आली आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडून राहिलेली कणसं, वेचायला गेली. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना दुसऱ्या अध्यायात सांगतो की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम गळू द्या, तिला वेचू द्या, आणि तिला लाजवू नका. हे लाजवू नका वाचलं आणि मला ती मावशी आठवली, तिचं ते जास्तीच व्हयना आठवलं. मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ तसाच बसलो होतो. बायबलमधल्या नियमशास्त्रातच सांगितलं होतं की शेताच्या कडेचं पीक पूर्ण कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. म्हणजे देणाऱ्यानं आधीच जागा ठेवायची, मागणाऱ्याला हात पसरायला लावायचं नाही.

तसाच मत्तयच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातला येशूचा दृष्टांत. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला पण जातो तर काहीजण अजून उभेच. का उभे तर म्हणे आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आपल्याकडे मजूर अड्ड्यावर दहा वाजून गेल्यावर जे उरतात त्यांचे चेहरे ज्यानं पाहिलेत त्याला हे वाक्य कळेल, ते आळशी नसतात, कुणी म्हातारा असतो, कुणाचा हात अधू असतो. त्या पाचवाल्यांनाही मालक पूर्ण दिवसाची मजुरी देतो कारण घरी चूल तर पूर्णच पेटवावी लागते. मी आयुष्यभर स्वतःला पहाटेचा मजूर समजून कुरकुर करत होतो. ज्या दिवशी कळलं की मी पाचवाला आहे त्या दिवसापासून फरक पडला.

आता करायचं काय ते.

सकाळपासून धरा. उठल्यावर मोबाइलला हात लावायच्या आधी, चूल किंवा गॅस पेटेपर्यंतच्या वेळात, तीन वाक्यं बोला. एक, काल जे मिळालं त्यातल्या एकाच गोष्टीचं नाव घेऊन आभार, नुसतं सगळ्याबद्दल धन्यवाद नको, नाव घ्या, काल लाइट गेली नाही आणि मोटर चालली, पोराचा खोकला बसला, असं. दोन, आजच्यापुरतं मागणं. तीन, एका माणसाचं नाव. बस. येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतसुद्धा भाकर आजची मागितलीय, सीझनची नाही. आणि विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात देवाची दया रोज सकाळी नवी असते असं म्हटलंय, ते काही सुखात बसून लिहिलेलं नाहीये बरं का, बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळून टाकलं त्यानंतरच्या राखेतलं ते रडणं आहे. म्हणून मला ते खरं वाटतं.

प्रार्थना कोणत्या भाषेत करायची हा प्रश्न आमच्याकडे फार असतो. घरात अहिराणी, मावची किंवा भिली बोलणारी बाई मंडळीत उभी राहिली की एकदम पुस्तकी मराठी काढायचा प्रयत्न करते, हे परमकृपाळू वगैरे, आणि मध्येच अडकते आणि मग पुन्हा कधी उठत नाही. माझं ऐका, ज्या भाषेत तुम्ही आईला हाक मारता त्याच भाषेत बोला. माझी आजी तर शेवटची दोन वर्षं एवढंच म्हणायची, देवा, आते तूच दख, आता तूच बघ. दिवसातून वीसदा म्हणायची, भाकरी थापताना, गुडघा दुखला की, नातू उशिरा आला की. मला नाही वाटत याच्यापेक्षा पूर्ण प्रार्थना असते.

बायबल वाचायचं कुठून सुरू करायचं तर मार्कच्या शुभवर्तमानापासून. सोळा अध्याय, रोज एक, पंधरा-सोळा दिवसांत येशूचं सगळं चरित्र वाचून होतं. पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू करणारे बहुतेक तिसऱ्या, लेवीयच्या आसपास थांबतात, मी दोनदा थांबलोय. भाषा जड वाटली तर लाज वाटून घेऊ नका, सोप्या भाषेतली प्रत घ्या, पंडिता रमाबाईंसारख्या संस्कृत कोळून प्यालेल्या बाईनं केडगावला मुक्ती मिशनमध्ये म्हातारपणापर्यंत हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणायचं काम केलं ते कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणूनच, १९२२ ला त्या गेल्या तोवर तेच चालू होतं. वाचता येत नसेल तर फोनवर ऑडिओ लावा, वेचताना ऐकणाऱ्या बाया मी पाहिल्यात, ओढणीत फोन बांधून.

आता उधारी-उसनवारीचं, आणि क्षमेचं, कारण आपल्या भागात दोन्ही एकाच दोरीला बांधलेली आहेत. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो ना, आमची ऋणे आम्हांस सोड, तिथे शब्दच ऋण आहे. नवापूर, नंदुरबारकडून दिवाळीनंतर टोळ्या गुजरातला ऊसतोडीला जातात त्यांना ऋण म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता, सीझनभर तोडायचं आणि तरी शेवटी हिशोबात थोडी उचल उरतेच, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशू अशाच एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याच्यावर राजाचं दहा हजार तालांत कर्ज. आता हिशोब करा, एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस कामाला गेला तरी दोन लाख वर्षं. फिटणारच नाही अशी उचल, आणि राजानं वहीच मिटली. तो माणूस बाहेर येतो आणि त्याला शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तीही लहान रक्कम नाही हे लक्षात घ्या, येशू असं म्हणत नाही की तुझं काही नुकसानच झालं नाही. नुकसान झालंय. फक्त तुझी केवढी वही मिटली ते आठव, म्हणतो.

हे जमवायचं कसं? माझं सांगतो. माझं आणि चुलतभावाचं बांधावरून वाजलं, हातभर जमिनीसाठी, तीन वर्षं बोलणं बंद, आजीच्या मातीला पण आम्ही दोन टोकांना उभे. मला प्रार्थनेत त्याला क्षमा केली असं म्हणवेना, खोटं वाटायचं. मग आमच्या पाळकांनी सांगितलं, क्षमा वगैरे सध्या राहू दे, रोज फक्त त्याचं नाव घे देवासमोर, पुढे एक शब्द नको. दोन-तीन महिने नुसतं नाव. सुरुवातीला नाव घेताना दात आवळले जायचे. मग एक दिवस नाव घेतल्यावर त्याच्या पोरीची आठवण झाली, दहावीला होती ती, तिच्यासाठी मागितलं. त्यानंतर दिवाळीला मी गेलो त्याच्याकडे. बांध जिथे होता तिथेच आहे, त्याच्या बाजूला सरकलेला, पण आम्ही चहा पितो. तुम्हालाही तेच सांगेन, आधी नाव, बाकीचं मागून येतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण याचा फार गैरवापर होतो. क्षमा करायची म्हणजे मार खात राहायचं असं नाही. नवरा दारू पिऊन मारतो आणि मंडळीतलेच लोक बाईला सांगतात की सहन कर, प्रार्थना कर, तर ते चुकीचं सांगतात. आधी तिला आणि पोरांना तिथून बाहेर काढा, ११२ ला फोन लावा, माहेरी किंवा कुणाच्या तरी घरी ठेवा. मन मोकळं व्हायला वर्षं लागली तरी चालतील.

पीक जातं तेव्हाचं काय? गुलाबी बोंडअळी आली, नाहीतर परतीचा पाऊस ऐन वेचणीत आला आणि कापूस झाडावरच काळा पडला, किंवा रावेर-यावलकडे मे-जूनमधल्या वादळात केळीचे घडाला आलेले खांब आडवे झाले, अर्ध्या तासात वर्ष जातं. अशा वेळी आनंदी राहा म्हणणारा माणूस नकोसा होतो. तेव्हा स्तोत्र १३ काढा. सहाच वचनं आहेत आणि सुरुवातीलाच चार वेळा देवाला विचारलंय, कोठवर? दीडशे स्तोत्रांत अशी रडणारी, भांडणारी बरीच आहेत, ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही. म्हणजे देवाला असं बोललेलं चालतं, ते त्याच्याच पुस्तकात आहे. मोठ्यानं वाचा, शेतात उभं राहून वाचा, घसा दाटून आला तर येऊ द्या.

आणि खूपच खचलेला माणूस असेल तर आधी त्याला जेवू घाला. एलीया संदेष्टा बायबलच्या १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात झाडाखाली पडून म्हणतो की पुरे आता, माझा जीव घे. देव त्याला रागवत नाही, वचन पण ऐकवत नाही. झोपू देतो, मग देवदूत उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई, खा म्हणतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा भाकर. आपल्याकडे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्टी भाजतात त्याचा वास आला की मला हाच अध्याय आठवतो. मग ज्याच्या घरी असं झालंय त्याच्याकडे डबा घेऊन जा, रात्री त्याला एकटं सोडू नका, औषधाची बाटली, फवारणीचं विष घरात असेल तर बाहेर काढून तुमच्याकडे ठेवा, आणि सकाळी डॉक्टरकडे न्या. हे सगळं प्रार्थनाच आहे.

दुःखाच्या घरी काय बोलू नये हे मी माझ्या चुकीतून शिकलो. एका ताईचं चार वर्षांचं पोर गेलं, मी तिच्या ओसरीवर बसून म्हणालो की ताई, देवाची काहीतरी योजना असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, आत निघून गेली आणि दार लावलं. ते दार लावल्याचा आवाज मला अजून येतो. नंतर कितीतरी दिवसांनी मी जाऊन माफी मागितली. बायबलमधल्या ईयोबाची पोरं, मालमत्ता सगळं गेलं आणि त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. म्हणून जा, पाणी भरून द्या, पोरांना आंघोळ घाला, आलेल्यांसाठी चहा ठेवा. वचन सांगायची घाई करू नका, ती विचारेल तेव्हा सांगा.

आजारपणात प्रार्थना करा आणि गोळ्या पण घ्या. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल घराघरात आहे, कुणीतरी येतं आणि सांगतं की विश्वास पक्का असेल तर गोळी बंद कर, आणि मग पोराचे हातपाय इतके दुखायला लागतात की मध्यरात्री गाडी शोधावी लागते. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्यच होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल १९४२ पासून उभं आहे, तिथेही प्रार्थना आणि सलाइन एकाच वॉर्डात चालतात. आणि जो प्रार्थनेचे पैसे मागतो त्याच्याकडे जाऊ नका, एवढंच.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचं पण सांगतो थोडं. आखाजी, कानबाई या सणांना गल्लीत सगळे एकमेकांकडे असतात, आपणही त्यांच्या सुखदुःखात असावं, मातीला जावं, लग्नात पंगतीत वाढायला उभं राहावं. पण मदत करताना अट घालू नका, मनात पण नको, की मी डबा दिला म्हणजे हा रविवारी येईल. कृपा अशी विकली की ती कृपा राहत नाही. माझ्या आईला ओटी देणाऱ्या मावशीनं कुठली अट घातली होती?

आशेबद्दल विचारतात तर मी नवापूर स्टेशन सांगतो. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीय, स्टेशनातूनच राज्याची हद्द जाते, एकच बाक अर्धा महाराष्ट्रात अर्धा गुजरातमध्ये. टोळ्या जाताना त्या बाकावर पोरं बसवलेली मी पाहिलीत. विश्वासणारा असाच बसलेला असतो असं मला वाटतं, ख्रिस्त उठला हे झालेलं आहे, आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं जाणं अजून व्हायचंय, आणि आपण दोन्हीच्या मध्ये गाठोडं घेऊन. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो तसं, दिसत असतं तर आशा कशाला लागली असती. म्हणून वाट पाहताना कंटाळा आला, रडू आलं, तर तुमचा विश्वास कमी आहे असं समजू नका. वाट पाहणं म्हणजे ते असंच असतं.

आणि नाताळचं शेवटचं. आमच्याकडे डिसेंबरात अर्धी मंडळी ऊसतोडीला असते, नाताळच्या उपासनेत बाकडी रिकामी, म्हातारे आणि शाळेची पोरं तेवढी. तुमच्याकडे पण असंच असेल तर दर रविवारी संध्याकाळी सात-साडेसातला एका तरी टोळीला फोन लावा, त्या वेळी माणसं पडावावर आलेली असतात, भाकरी चाललेल्या असतात. आधी तब्येत विचारा, मग पोरांची शाळा, मग मुकादमानं हिशोब दाखवला का ते. आणि नाताळच्या दिवशी फोन स्पीकरवर टाकून माइकजवळ धरा. मागच्या वर्षी आम्ही धरला तर तिकडून बारा-पंधरा जणांचा आवाज आला, मागे ट्रॅक्टर चालू, कुणाचं तरी बाळ रडत होतं, दुसऱ्या कडव्याला नेटवर्क गेलं. आम्ही थांबलो नाही, त्यांचं कडवं जिथे तुटलं तिथून आम्ही उचललं, आणि नंतर कळलं की तिकडे ते पण गातच राहिले होते. तर एवढंच लक्षात ठेवा, फोन चार्ज करून आणा, आणि सुरुवात त्यांना करू द्या.